वाचकांचे प्रश्न : इंग्रजीच्या वर्गाला नाव कोणते द्यावे?

प्रश्न : संगमनेर येथील एका माध्यमिक शाळेत २६ वर्षे इंग्रजी शिकवून मी गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. तेथे दिवाळीनंतर इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग सुरू करण्याचे ठरवले आहे. सकाळी महाविद्यालयातील मुले-मुली आणि सायंकाळी दुकानदार, नोकरदार अशी मोठी माणसे, अशा दोन तुकड्या असतील. परिचारिका म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तिघींनी आतापासूनच विचारणा केली आहे. अडचण आहे ती नावाची. मुलाने ‘ऑक्सफर्ड इंटरनॅशनल अकॅडमी’ आणि ‘फ्लुएन्ट हब’ अशी दोन नावे सुचवली. यजमानांच्या मते सासूबाईंच्या नावाने ‘शारदा क्लासेस’ असावे. एका जुन्या सहकाऱ्यांनी सुचवलेले ‘वाघिणीचे दूध’ मला मनापासून आवडले, पण धीर होत नाही. स्वतःचे आडनाव द्यावे, तर ते ‘-कर’ने संपणारे अस्सल मराठी आडनाव इंग्रजीच्या वर्गाला शोभेल का, अशी शंका येते. अंगणात जुनी चिंच असल्यामुळे गावात आमच्या घराला ‘चिंचेचं घर’ म्हणतात, एवढीच काय ती आमची ओळख. नाव कसे निवडावे?

उत्तर : ‘एवढीच काय ती आमची ओळख’ असे लिहून आपण जे बाजूला सारले आहे, तेच माझ्या मते आपल्या वर्गाचे नाव आहे. परंतु ते का, हे सांगण्यासाठी आधी चिरंजीवांच्या यादीकडे वळावे लागेल, कारण तशा नावांचे फलक आज प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात.

ऑक्सफर्ड या गावाच्या नावाचा मूळ अर्थ ‘बैलांनी नदी ओलांडण्याचा उतार’ एवढाच आहे. आपल्याकडे एखाद्या नदीकाठच्या गावाला ‘बैलउतार’ म्हणावे, तसे ते साधे, शेतकरी वळणाचे नाव आहे. त्याला जे वजन आले, ते तेथील विद्यापीठामुळे आणि विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेमुळे. ते वजन त्यांचे आहे, आपले नाही. शिक्षणाच्या क्षेत्रात ते नाव लावणे म्हणजे उद्या एखाद्या वकिलाची नोटीस घरी बोलावून घेणे होय. समजा नोटीस आली नाही, तरी पहिल्याच दिवशी एखादा पालक विचारील, “बाई, यांचा तिकडच्या विद्यापीठाशी काही संबंध आहे का?” आणि २६ वर्षे खरे बोलत आलेल्या शिक्षिकेला पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे लागेल. ‘केंब्रिज’ हे नाव तर याहून अडचणीचे आहे, कारण त्या नावाने इंग्रजीच्या परीक्षा प्रत्यक्ष घेतल्या जातात आणि विद्यार्थ्याची खरोखर दिशाभूल होऊ शकते. परिचारिकांच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘आयइएलटीएस’ किंवा ‘टोफेल’ ही परीक्षांची नावे ज्यांची त्यांच्या मालकीची आहेत. अमुक परीक्षेची तयारी करून घेतली जाते, असे माहितीपत्रकात खुशाल लिहावे. वर्गाच्या नावात मात्र ते शब्द गुंफू नयेत.

‘इंटरनॅशनल’बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दोन खोल्या आहेत आणि जिना बाहेरून आहे. ‘अकॅडमी’ हा शब्द मूळचा अथेन्सजवळच्या ज्या राईत प्लेटो शिकवीत असे, त्या राईच्या नावावरून आला, ही त्याची थोरवी खरी. पण आज आपल्या भागात ‘अकॅडमी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पहाटे मैदानावर धावणारी पोलीस भरतीची मुले किंवा क्रिकेटचे जाळे उभे राहते. शब्द कोशात काय आहे यापेक्षा तो आपल्या गावात काय झाला आहे, हे नाव ठेवताना अधिक पाहावे लागते. ‘स्कूल’ हा शब्दही त्याच कारणाने टाळावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. आपला वर्ग ही त्या अर्थाने शाळा नव्हे, हे खरे असले, तरी फलकावर ‘स्कूल’ लिहिल्यास पहिली दोन वर्षे तेच समजावून सांगण्यात जातील.

आता ‘फ्लुएन्ट हब’. येथे एक कायद्याची बाब आहे आणि ती नावाच्या निवडीशी जितकी निगडित आहे, तितकी ती कोणी मानत नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, कामगार कितीही कमी असले तरी, आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीतील मराठीत असणे सक्तीचे आहे. इतर भाषेत नाव लिहायचे असल्यास मराठी आधी यावे लागते आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गाचे नावसुद्धा रस्त्यावरचा माणूस प्रथम देवनागरीत वाचणार आहे. मग ‘फ्लुएन्ट’ कसे लिहिणार? फ्लुएन्ट, फ्लुएंट, फ्लूअंट, फ्ल्युएन्ट. फ्लेक्सवाला एक लिहील, पावतीपुस्तक छापणारा दुसरे आणि विद्यार्थी भ्रमणध्वनीवर शोधताना तिसरेच. इंग्रजीत ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या शब्दांची आपल्याकडे याहून वेगळी गंमत होते: मराठीत आपण ‘व्हिजन’ लिहितो, त्यामुळे रोमन लिपीत लिहिताना अनेकांच्या हातून ‘व्ही’नंतर एक ‘एच’ आपसूक पडतो. इंग्रजीच्या वर्गाच्या फलकावर असा ‘एच’ दिसला, तर पुढचे काही शिकवण्याचा अधिकारच संपला. म्हणून नाव ठरवण्यापूर्वी ते देवनागरीत आणि रोमनमध्ये तीन वेगवेगळ्या माणसांकडून केवळ ऐकून लिहून घ्यावे. तिघांनी सारखे लिहिले, तर ते नाव चालणारे आहे.

‘फ्लुएन्ट’मध्ये दुसरी एक खोट आहे. ते वचन आहे. ‘फाडफाड’, ‘३० दिवसांत’, ‘गॅरंटी’ हे शब्द जसे नावातच फळाची हमी देतात, तशीच ही हमी थोडी सभ्य वेशात आली आहे. आपण २६ वर्षे मुलांना शिकवले आहे. चाळिशीतल्या मनुष्याची जीभ इंग्रजीला वळायला किती महिने लागतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्याला सहा महिन्यांनंतरही अडखळायला होते, त्याला रोज फलकावरचा तो शब्द टोचत राहील. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा रोख मोठ्या वर्गांवर आहे आणि आपल्या दोन तुकड्यांची पटसंख्या त्या व्याख्येत बसणार नाही, हे खरे. पण हमीच्या भाषेकडे आता कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे त्यावरून दिसते.

येथे सायंकाळच्या तुकडीविषयी थोडे थांबून लिहितो, कारण नाव ठरवताना त्या तुकडीचा विचार क्वचितच होतो. महाविद्यालयातील मुलगी वर्गाला जाते, ते मिरवण्यासारखे असते. पन्नाशीचा कापडदुकानदार मात्र इंग्रजी शिकायला जातो, ते चोरून. इंग्रजी येत नाही ही आपल्या समाजात अजूनही लाज मानली जाते आणि ती लाज तो रोज सायंकाळी जिना चढताना बरोबर आणणार असतो. ‘बेसिक’, ‘बिगिनर्स’, ‘लिटल’, ‘किड्स’ असे शब्द नावात असतील, तर शेजारच्या दुकानदाराने “कुठे निघालात?” असे विचारल्यावर त्याला उत्तर देता येणार नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून आलो आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका वर्गाला जात असे; त्याच्या नावात ‘इझी’ हा शब्द होता. वही मी नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत असे. सोपे म्हणून जाहीर केलेली गोष्टही आपल्याला येत नाही, हे जगाला कशाला कळू द्यायचे!

‘शारदा क्लासेस’मागची भावना मोलाची आहे आणि विद्येच्या देवतेचे नाव वर्गाला अयोग्य कसे म्हणावे? अडचण एवढीच की, या नावाचे वर्ग, मंदिरे, विद्यालये आणि छापखाने इतके आहेत की ते नाव आपले म्हणून कोणाच्या ध्यानात राहणार नाही, आणि पुढे व्यापारचिन्ह म्हणून ते नोंदवणेही कठीण जाईल. सासूबाईंची तसबीर पहिल्या खोलीत लावावी. नावात त्यांना आणायचेच असेल, तर एखाद्या गरजू मुलीला त्यांच्या नावाने बिनशुल्क प्रवेश देणे, हे मला फलकापेक्षा अधिक शोभणारे वाटते.

‘वाघिणीचे दूध’ आपल्याला आवडले, यात नवल नाही. इंग्रजी विद्येला दिलेली ही उपमा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितली जाते आणि शिकलेला मराठी माणूस ती ऐकताच हसतो. पण सगळेच वाटसरू हसणार नाहीत. काही जण दुधाचा भाव विचारायला जिना चढतील. विनोदाचा भाग सोडला, तरी जे नाव समजण्यासाठी आधी एक संदर्भ ठाऊक असावा लागतो, ते नाव ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना दारातच परके करते. स्वतः चिपळूणकरांनी काय केले, ते पाहावे. टिळक आदी सहकाऱ्यांसह १ जानेवारी १८८० रोजी त्यांनी पुण्यात शाळा काढली, तेव्हा त्या धगधगत्या लेखणीच्या माणसाने तिचे नाव ठेवले ‘न्यू इंग्लिश स्कूल’, म्हणजे नवी इंग्रजी शाळा. ना उपमा, ना अलंकार. त्या काळी ‘इंग्रजी शाळा’ म्हणजे मराठी शाळेतील इयत्ता संपल्यावर जिथे जायचे ती शाळा. ‘इंग्रजी पहिली’, ‘इंग्रजी दुसरी’ अशी मोजणी आपल्या आजोबांच्या तोंडी असे. त्यामुळे नाव ऐकताच तिथे काय मिळते, हे गावाला कळत होते. त्या नावातील एकच शब्द काळाने खोटा ठरवला, तो म्हणजे ‘न्यू’. दीडशे वर्षे व्हायला आली, तरी शाळा नवीच आहे. तीन वर्षांनी निघालेले ‘नूतन’ मराठी विद्यालयही तसेच. ‘न्यू’, ‘मॉडर्न’, ‘टुडे’, ‘डिजिटल’ हे शब्द नावात घालू नयेत, याला याहून आदरणीय पुरावा मिळणार नाही.

आडनावाविषयीची आपली शंका मात्र मला मान्य नाही. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ या मूळच्या जर्मनीतील गृहस्थाने १८७८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी भाषा शिकवण्याचा वर्ग काढला, त्याला आपले आडनाव दिले आणि ते आडनाव पुढे जगभरच्या भाषावर्गांचे नाव झाले. ते इंग्रजी आडनाव नव्हते, तरी त्याने इंग्रजी शिकवण्याच्या आड काही आले नाही. आपल्याकडेही लोक फलक काहीही असला तरी ‘जोशीबाईंचा क्लास’, ‘पाटील मॅडमचा क्लास’ असेच म्हणतात. गावातील २६ वर्षांचे विद्यार्थी हेच आपले खरे भांडवल आहे आणि ते आपल्याला आडनावाने ओळखतात. उणीव एकच: उद्या हाताखाली दुसरी शिक्षिका घेतली, तर पालक म्हणतील, “आम्ही तुमच्या नावावर आलो, शिकवतंय कोण?” वर्ग आपल्यापुरताच ठेवायचा असेल, तर आडनाव उत्तम. वाढवायचा असेल, तर ते नावाखालच्या ओळीत, ‘संचालिका’ या शब्दानंतर यावे.

आणि आता चिंच. पुण्यात १८८४ मध्ये मुलींसाठी हायस्कूल निघाले. त्याच्या अधिकृत नावात सांगलीच्या संस्थानिकांची आद्याक्षरे आहेत. ती किती पुणेकरांना सांगता येतील, कोणास ठाऊक. ज्या जागी ते उभे राहिले, तिथे पेशव्यांची हुजूरपागा, म्हणजे खासे घोडे बांधण्याची जागा होती, आणि म्हणून मुली ‘हुजूरपागेत’ शिकू लागल्या. पागा गेली, घोडे गेले, पेशवाई तर त्याच्या कितीतरी आधी गेली, नाव राहिले. गावाने दिलेले नाव फलकावरच्या नावाला असे सहज हरवते. आपल्या घराला गावाने ते आधीच देऊन ठेवले आहे. दुसरा फलक लावून त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. ‘चिंचेचं घर’ हे नाव घ्यावे आणि खाली ‘इंग्रजी संभाषण वर्ग’ असे स्पष्ट लिहावे. रिक्षावाल्याला सांगता येते, ऐकून लिहिता येते, कशाची हमी देत नाही, आणि कापडदुकानदाराला “चिंचेच्या घरी जाऊन येतो” एवढेच म्हणता येते. व्याकरणदृष्ट्या ‘चिंचेचे’ हवे, असा आक्षेप आपल्यातली शिक्षिका घेईल, परंतु नाव हे बोलण्यासाठी असते आणि दोन ‘चे’ लागोपाठ आले की जीभ अडते. येथे अनुस्वार राहू द्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. नाव आखडून नुसते ‘चिंच’ करू नये आणि रोमन लिपीत तर नकोच, कारण त्याच अक्षरांचा एक जुना शब्द इंग्रजी कोशात आहे आणि त्याचा अर्थ ढेकूण असा आहे. रोमन लिपीतही पूर्ण नाव मराठी उच्चाराप्रमाणेच लिहावे. ‘टॅमरिंड’ हा शब्द पहिल्या तासासाठी राखून ठेवावा. तो अरबीतील ‘तम्र हिंदी’ म्हणजे ‘हिंदुस्थानी खजूर’ यावरून आला आहे. अंगणातले झाड इंग्रजीत कसे शिरले, हे ऐकल्यावर सायंकाळच्या तुकडीची भीती थोडी कमी होईल.

नाव पक्के झाले की व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर शिक्षणसेवेच्या ४१व्या वर्गात ते कोणी नोंदवले आहे का, हे पाहावे. हा शोध विनामूल्य आहे. नोंदणीचे शुल्क व्यक्तीसाठी ऑनलाइन ४,५०० रुपये असून नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण होते. पहिल्या वर्षीच ती करावी, असे मी म्हणणार नाही. मात्र शॉप अॅक्टची सूचना, बँकेतील चालू खाते, पावतीपुस्तक आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोड या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच असावे. शुल्क भरताना पडद्यावर वेगळेच नाव उमटले की पालक हात आवरता घेतात, आणि त्यांचे चुकत नाही.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात आमच्या विश्वस्त मंडळाने इंग्रजी माध्यमाची प्राथमिक शाळा काढण्याचे ठरवले आहे. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असेल. काही सदस्यांना नावात ‘इंटरनॅशनल’ व ‘कॉन्व्हेंट’ हवे आहे, तर काहींचा आग्रह छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा आहे. तिन्ही एकत्र घेता येतील का?

उत्तर : ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ. जोगिणी शाळा चालवीत, म्हणून तो शब्द शाळेला चिकटला, आणि विदर्भात तर आता इंग्रजी बालवर्गाचे ते सामान्यनामच झाले आहे. मठ नाही, जोगिणी नाहीत, तर शब्द कशासाठी? ‘इंटरनॅशनल’ वाचून पालक परदेशी मंडळाचा अभ्यासक्रम गृहीत धरतात आणि आपला अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे. प्रवेशाच्या वेळी होणारा तो गैरसमज शुल्काच्या वेळी भांडण होऊन परत येतो.

महाराजांच्या नावाबाबत भावनेच्या आधी कायदा पाहावा. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित जवाहरलाल नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावे असून, केंद्र शासनाच्या परवानगीवाचून व्यापार, व्यवसाय किंवा पेशासाठी ती वापरता येत नाहीत. शासनाचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणाऱ्या नावांनाही तो लागू आहे. त्यामुळे अर्ज भरण्याआधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. जाता जाता, पुढे महाविद्यालय काढण्याचा विचार असल्यास ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द नावात कोठेही आणू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार तो केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांसाठी आहे. विश्वस्त मंडळाच्या गावाचे किंवा नदीचे नाव घेऊन पुढे ‘प्राथमिक शाळा, इंग्रजी माध्यम’ असे लिहिले, तर काय बिघडेल, याचा मंडळाने एकदा विचार करावा.

प्रश्न : कल्याणमध्ये मी ११ वर्षे इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवतो. नावाची नोंदणी केलेली नाही. गेल्या महिन्यात दोन गल्ल्या सोडून माझ्याच नावाआधी ‘न्यू’ लावून एक वर्ग सुरू झाला आहे. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. नोंदणी नसली, तरी आपल्या नावावर दुसऱ्याने आपली सेवा खपवण्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क व्यापारचिन्ह कायदा, १९९९ ने कायम ठेवला आहे आणि त्याने उद्या ते नाव नोंदवून घेतले, तरी आधीपासून सातत्याने वापर करणाऱ्याला कलम ३४ चे संरक्षण आहे. मात्र नाव ‘इंग्लिश स्पीकिंग क्लास’ असे केवळ वर्णनात्मक असेल, तर बाजू दुबळी पडते. आपण ते पत्रात कळवलेले नाही. दावा पुराव्यावर उभा राहील, म्हणून ११ वर्षांपूर्वीची पहिली पावती, शॉप अॅक्टचा कागद, जुन्या फलकाचे बिल, वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण आणि नव्या वर्गाला चुकून आपला समजून गेलेल्या पालकांची नावे व तारखा, हे सारे एका फायलीत लावावे. मग वकिलाकडे जाण्याआधी ती फाइल घेऊन त्या गृहस्थांना एकदा भेटावे. वर्ग सुरू होऊन एकच महिना झाला आहे. फलक बदलणे आज त्यांना स्वस्त पडेल.